मादी : अज्ञात

नान्नजच्या माळावर दोन बांबूंना ताणलेलं पांढरं कापड.
सोलापुरी चादर नव्हे. मोर नाही, फूल नाही,
एका कोपऱ्यात ऑइलचा डाग,
म्हणून कारखान्याने नायनाच्या पगारातून कापून
नायनालाच दिलेलं.
त्याच्यामागे दिवा, आणि पुढे रात्रभर मी.

साडेनऊपर्यंत तुडतुडे. मग शेणकिडे, धडाधड.
अकराला एक राखी पतंग, सात वर्षांच्या ओळखीचा,
त्याच्याशी मी थोडं बोललेही.
सव्वाबाराला, डागाच्या अगदी शेजारी,
हा.

करंगळीच्या नखाएवढा. वाळल्या गवताचा रंग.
पुढच्या पंखावर खांद्यापासून टोकाकडे चंदेरी रेघ,
आणि ती रेघ मध्येच तुटलेली.
वहीत लिहिलं :
रेघ खंडित. बहुधा खवले झडले असावेत.

ओळखायचं म्हणजे आधी नुसतं नाही म्हणत जायचं.
हा तो नाही. तोही नाही.
लंडनहून फोटो आला, जुन्या पेटीतला जवळचा नातलग,
टाचणीखाली चिठ्ठी, तपकिरी शाईत 'शोलापूर',
पकडणाऱ्याचं नाव वाळवीने खाल्लेलं.
त्याची रेघ मात्र अखंड.
मग पोटाचं टोक कापून पोटॅशमध्ये उकळायचं,
चरबी, खवले, उडाल्याचं सगळं विरघळू द्यायचं,
तळाशी राहतो एक आकडा, केसाहून बारीक.
नातलगाच्या आकड्याला एक दात.
याच्या, दोन.
एका दातापायी मी दिवाळीची सुट्टी घालवली.

नायना तीस वर्षं जॉबर. डावा कान मागाने नेला.
अकरा पंख स्क्रीनवर ओळीने मांडून दाखवले.
चष्मा कपाळावर सारून, काचेवर बोट टेकवून
तो धागे मोजावेत तसा मोजत गेला,
आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्याने म्हणाला,
"एका चादरीत तुटला, तर सेकंड माल.
अकरांत? त्याच जागी?
अगं, जकार्डचं कार्डच तसं पाडलंय."

मी 'बहुधा' खोडलं.

पुढच्या अमावास्येला बिरप्पा मेंढ्या घेऊन तिथेच मुक्कामाला.
बाटली दिव्याशी धरून बघितली त्याने.
"कुसळ्या की ह्यो.
मेंढीच्या लोकरीत बसतोय. कुसळ अडकलंय म्हणून उपटाय जावं,
तर उडतंय."
नवीन आहे, असं मी त्याला पाच मिनिटांपूर्वीच
सांगून बसले होते.
तो हसला नाही. बाटली परत दिली, झाकण घट्ट करून.

आता चिठ्ठ्या.
सोलापूर, नान्नज, गवताळ माळ, दिव्यावर, रात्री.
लाल चिठ्ठी एकालाच मिळते, बाकी दहांना पिवळी.
लाल ज्याला, त्याच्यावरून यापुढे सगळे ओळखले जाणार.
त्याने काही केलं नव्हतं.
त्याचे पंख तेवढे पकडताना झडले नाहीत,
आणि मग मी ते कायमचे पसरले.
नावाच्या जागी लॅटिन शेपूट लावून कुसळ्याच लिहिलाय.
लंडनला उच्चार जमेल तसा जमो.

रात्री स्वयंपाकघरात शेवटचा तक्ता भरत होते.
अम्मा सूप मांडीवर घेऊन, आठशेच्या पुढची विडी,
पान, तंबाखू, वळसा, दोरा,
हातांकडे न बघता.
"अकराच्या अकरा नर?"
"दिव्यावर नरच येतात जास्त."
"आणि ती?"
वाचून दाखवलं : मादी : अज्ञात.
अम्माने दोरा दातांनी तोडला.
"अज्ञात कसली," म्हणाली,
"कामावर असेल."

लॅपटॉप मिटला. तंबाखूचा वास सगळीकडे.
उद्या परत जाईन म्हणते, दिवा न घेता,
गवतात बसून बघेन.